शिसे : आढळले नाही

“आढळलं नाय म्हंजे नायच हाय, का तुमाला दिसलं नाय?”

कोंडसावरच्या शाळेच्या पडवीत मागच्या रांगेतल्या एका बाईने हे विचारलं आणि ऐंशी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी हसले. एम.एस्सी.ला पहिला वर्ग मिळालेली, तालुक्याच्या गावी प्रयोगशाळेत नोकरी करणारी एकतीस वर्षांची बाई खेड्यात येऊन जशी हसते, तशीच हसले.

“काकी, आमचं मशीन परदेशातून आलंय,” मी म्हणाले. “शंभर हंडे पाण्यात चिमूटभर शिसं टाकलंत तरी ते सांगतं. ते नाही म्हणालं म्हणजे नाही.”

“मशीन कुठनं आलं ता मी नाय विचारलं,” ती बाई म्हणाली आणि खाली बसली.

माझ्या शेजारच्या खुर्चीतून चंद्रात्रे साहेब लगबगीने उठले. “फार सुंदर प्रश्न. अशी जागरूक माणसं पाहिजेत गावात. पण काळजी नको. रिसबूडबाईंनी स्वतः तपासलंय. नो इश्यू.”

चंद्रात्रे कंपनीचे पर्यावरण अधिकारी. कंपनी पर्यावरणाचं जे काही करील ते चांगलंच केलं असं लोकांना पटवून द्यायचं, एवढंच त्यांचं काम. ते मात्र मन लावून करत. दर तिसऱ्या वाक्याला ‘नो इश्यू’ म्हणत, आणि ज्या गोष्टीला ते तसं म्हणत तिथे हटकून काहीतरी इश्यू असे, हे कळायला मला आणखी चार दिवस लागायचे होते.

याला आता सतरा वर्षं झाली. कोंडसावरच्या खाली नदीकाठी गरम पाण्याचे झरे आहेत. त्यावरून कुणाच्या तरी डोक्यात आलं की जमिनीत खोल भोक पाडलं तर वाफ निघेल, आणि वाफेवर वीज होईल. दोन वर्षं खोदलं. वाफ निघाली नाही, चिखल मात्र भरपूर निघाला. इतकं खोल जाताना आतला दाब उसळून वर येऊ नये म्हणून पाण्यात बराइट नावाची जड भुकटी कालवून खाली सोडतात. ती भुकटी आणि दगडाचा चुरा असं सगळं मिळून वर येतं. असा दीडेकशे ट्रक राखाडी चिखल खड्ड्यात वाळून पडला होता. नियमाप्रमाणे तो लांबच्या ठरलेल्या जागी नेऊन पुरायचा. कंपनीला त्याहून सोपा मार्ग सुचला, तो म्हणजे दान.

कोंडसावरच्या बायकांच्या बचत गटाचं कोकमाचं खळं सखल होतं. फळं फोडायची, सालं रसात बुडवायची, खळ्यावर वाळवायची, पुन्हा बुडवायची, असं दोन महिने त्यांचं चाले, आणि अवकाळी सर आली की सगळा माल पाण्यात. तीन वर्षं त्या ग्रामपंचायतीकडे भराव मागत होत्या आणि पंचायत त्यांना वाटाण्याच्या अक्षता लावत होती. कंपनी म्हणाली, आम्ही देतो, पसरून सपाटही करून देतो. दोन ट्रक तर नमुना म्हणून महिन्यापूर्वीच कोपऱ्यात टाकूनही झाले होते. आता चिखल निरुपद्रवी आहे असं सांगणारा एक कागद तेवढा हवा होता. तो माझ्या हातात होता. शिसे, आढळले नाही. कॅडमियम, आढळले नाही. क्रोमियम, आढळले नाही. खाली प्रयोगशाळेचा गोल शिक्का आणि हेमलता रिसबूड अशी माझी वळणदार सही.

“आनखी एक हाय,” मघाचीच बाई पुन्हा उठली. सरपंचांनी माझ्या कानाशी लागून सांगितलं, की या सरूकाकी भुवड, गटाच्या अध्यक्ष, जरा बोलक्या आहेत, मनावर घेऊ नका. “आमच्या खल्यात रोज आंबट सांडतं. कोकमाचा रस, आगळ, पिपं धुतलेलं पानी. त्यानं काय होनार नाय ना?”

“आंबटानं काय होणार, काकी? फार तर दात आंबतील.”

पडवी हसली. चंद्रात्रे तर टाळी द्यायच्या बेतात होते. सरूकाकी हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. ठरावाला हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांत आधी त्यांचाच हात वर गेला. खळं त्यांना मनापासून हवं होतं. सोमवारपासून ट्रक येणार असं ठरलं आणि सभा संपली.

जेवायला मला सरूकाकींच्या घरी नेलं. चंद्रात्रे पोळीभाजीचा डबा घेऊन गाडीतच बसले. त्यांना बाहेरचं सोसत नसे. घरात काकी, त्यांची सून मनाली आणि दोन नातवंडं. भात, कुळथाचं पिठलं, सुकटाची चटणी आणि सोलकढी. मी तीन वाट्या सोलकढी प्यायले आणि जेवण झाल्यावर, आपण किती साध्या आहोत हे दाखवायची हुक्की आली म्हणून, आवराआवर करायला उठले. स्टीलच्या पातेलीत थोडी सोलकढी उरली होती. पातेली घासायला मोकळी व्हावी म्हणून मी ती शेजारच्या पितळी पातेल्यात ओतायला गेले.

काकींनी माझं मनगट धरलं.

“अवो बाई, त्यात नको. कल्हई गेलीय त्याची. कळकंल.”

“कळकेल?”

“आंबट हाय ना. पितळ उतरतं त्यात. पोरं ओकतील पिऊन. ह्ये तुमाला ठाव नाय?”

“मग हे पातेलं इथे कशाला ठेवलंय?”

“पान्याला. पान्याला काय होतंय? सादं पानी म्हयनाभर ठेवा, काय उतरायचं नाय.”

मी पातेली हातात धरून तशीच उभी राहिले. माझ्या आजीच्या घरी दरवर्षी कल्हईवाला यायचा. ताक, आमटी, चिंचेचं सार, काहीही आंबट बिनकल्हईच्या भांड्यात घालायचं नाही, हे मला सहाव्या वर्षी माहीत होतं. पुढे रसायनशास्त्र शिकले तेव्हा ते गेलं असावं.

कारण आमची चाचणी अशी असते. शंभर ग्रॅम चिखल घ्यायचा, दोन लिटर पाण्यात घालायचा, अठरा तास यंत्रावर हलवायचा, गाळायचा आणि त्या पाण्यात काय उतरलं ते बघायचं. पाणी कुठलं, हे ग्राहक अर्जावर खूण करून सांगतो. दोन चौकोन असतात. एक साध्या शुद्ध पाण्याचा आणि एक आम्ल घातलेल्या पाण्याचा. कंपनीने पहिल्या चौकोनात खूण केली होती. मी पहिल्या चौकोनाप्रमाणे चाचणी केली. खोदकामाच्या चिखलात चुना आणि कॉस्टिक घातलेलं असतं, त्याचा सामू, म्हणजे पीएच, साडेदहाला असतो, आंबटाच्या अगदी उलट. त्यात शिसं दगडासारखं गप्प बसतं. साध्या पाण्याने ते जागचं हलत नाही. म्हणजे मी कल्हई गेलेल्या पातेल्यात साधं पाणी ठेवलं होतं आणि पातेलं उत्तम आहे असा दाखला दिला होता. आणि तो दाखला अशा बायकांना दिला होता, ज्या त्यात दोन महिने रोज कोकम ओतणार होत्या.

“काकी,” मी विचारलं, “खळ्याच्या खाली काय आहे?”

“खाली? हीर हाय. आख्खी वाडी तिचंच पानी पिते. पन्नास घरं.”

“जांभ्यातली?”

“मग, जांभ्याशिवाय हाय काय हितं?”

जांभा म्हणजे चाळण. वर ओतलेलं तासाभरात खाली.

अशा वेळी कथेतली माणसं धावत जाऊन सभा थांबवतात. मी तसं काही केलं नाही. सभा संपली होती, हे एक. आणि दुसरं असं की मी घाबरले. मी काकींना म्हणाले, “पिंपं धुतलेलं थोडं पाणी मिळेल का मला? घरी न्यायला.”

“धुवन कशाला नेताय? आगळ न्या चांगली.” त्यांनी कोपऱ्यातल्या बुधल्यातून बाटलीभर आगळ काढून, बूच मेणाने बंद करून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. “भराव झाला की यंदा दुप्पट करनार हाव. मग मोठा बुधला देईन.” मी हट्टाने दुसऱ्या बाटलीत धुवणही भरून घेतलं. त्यांना वाटलं, शहरातली बाई, असेल काही खूळ.

शुक्रवारी सकाळी उरलेल्या नमुन्यातला चिखल घेऊन मी पुन्हा चाचणी लावली. या वेळी पाणी काकींचं. त्या धुवणाचा सामू पावणेतीन निघाला. चिखल घातल्याबरोबर चुना फसफसला आणि सामू वर चढला. मी त्यात पुन्हा धुवण घातलं, पुन्हा चढला, पुन्हा घातलं. दोन महिने रोज सांडणार ते मी दिवसभरात सांडलं. संध्याकाळी फसफसणं थांबलं. चुना संपला होता. शनिवारी सकाळी मशीनने आकडा दिला. शिसं, लिटरला एकोणीस मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याला चालतं त्याच्या एकोणीसशे पट. कॅडमियमही होतं. परदेशातून आलेलं मशीन बिचारं पहिल्यापासून खरंच बोलत होतं. त्याला प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता.

आमचे मालक केळशीकर सर. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. म्हणजे विषय गंभीर आहे.

“ही चाचणी कुणी सांगितली होती?”

“कुणी नाही. मी केली.”

“ग्राहकाने दुसऱ्या चौकोनात खूण केलीय?”

“नाही सर. पण तिथे कोकमाचं खळं आहे. रोज—”

“रिसबूडबाई,” ते अत्यंत प्रेमाने म्हणाले. प्रेमाने बोलायला लागले की आम्ही सगळे सावध व्हायचो. “आपण कोण आहोत? आपण तराजू आहोत. तराजूने वजन सांगायचं. भाजी घ्यावी की घेऊ नये, ते तराजू सांगत नाही.”

“आपण वजन केलं ती भाजीच वेगळी होती, सर.”

“आपला पहिला अहवाल खोटा आहे का?”

“नाही.”

“मग झालं तर.” त्यांनी माझा कागद घडी घालून त्यांच्या खणात ठेवला. “खोटं आपण कधीच लिहीत नाही. विचारलं तेवढंच सांगतो. तीस वर्षं हाच लौकिक आहे आपला.”

लौकिक खरा होता. त्या तीस वर्षांत आमच्या प्रयोगशाळेने एकही खोटा आकडा दिला नव्हता, आणि तरी आसपासच्या तीन नद्यांचे रंग का बदलले ते कुणालाच कळलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर मान डोलावली, जागेवर येऊन बसले आणि आकडे पुन्हा एका कोऱ्या कागदावर उतरवून काढले. लेटरहेड नाही, शिक्का नाही. नोकरी जाणार हे दिसत होतं, आणि घरी निवृत्त वडील आणि मी एवढेच होतो. रविवारी दिवसभर तो कागद फाडून टाकावा असं वाटत राहिलं. रात्री जेवताना वडिलांनी आगळीची कढी छान झालीय म्हणून सांगितलं, तेव्हा खाली सही केली.

सोमवारी पहिल्या एस.टी.ने निघाले. कोंडसावरच्या फाट्यापासून वाडी दोन मैल, एप्रिलचं ऊन, आणि वाटेत माझ्या बाजूने धूळ उडवत दोन ट्रक पुढे गेले. काकींच्या घरी पोचले तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली होती. मनालीने ओटीवर पाट मांडला, गुळाचा खडा आणि तांब्या पुढे ठेवला. मी गूळ तोंडात टाकला, काकी कुठे आहेत विचारलं आणि तशीच खळ्याकडे निघाले.

खळ्यावर पंधरा-वीस बायका, दोन ट्रक आणि चंद्रात्रे. ट्रक मागे घेत होते. नमुन्याच्या दोन ट्रकांचा भराव टाकला होता तो कोपरा मी गुरुवारी बघितलाच नव्हता. आता बघितला. राखाडी मातीवर पिंपं धुवायला मांडलेली, आणि मातीच्या कडेने गुलाबी पाण्याचा बारीक ओहोळ उताराला लागलेला. खाली तीस पावलांवर विहिरीचा काठ. मी पर्समधली सामू मोजायची पट्टी काढून ओहोळात बुडवली. तीन. त्या कोपऱ्यातला चुना केव्हाच संपला होता.

“थांबवा,” मी ड्रायव्हरला म्हणाले. “ओतू नका.”

“अरे, रिसबूडबाई. आज कशा काय?” चंद्रात्रे हसत पुढे आले. “नो इश्यू, ओता तुम्ही.”

“ओतू नका,” सरूकाकी म्हणाल्या, आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. चंद्रात्रेंनी दोनदा सांगून जे होत नसे, ते काकींनी एकदा सांगून झालं. “काय झालं, बाई?”

मी सांगितलं. पातेलं, कल्हई, साधं पाणी आणि आंबट, सगळं. मला वाटलं, इतकं सोपं करून सांगितल्यावर कुणाला न कळायला काय झालं. पण बायकांचे चेहरे पडत गेले आणि मग तापत गेले. एक जण म्हणाली, “गुरवारी तुमीच म्हनालात ना, दात आंबतील म्हनून?” दुसरी म्हणाली, “आता फळं पिकलीत. आता भराव न्हाय तर माल कुठं वाळवू? तुमच्या लेबरोट्रीत?” त्यांचं चुकलं नव्हतं. तीन वर्षांनी मिळत असलेली गोष्ट मी हिसकावायला आले होते.

चंद्रात्रेंनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. सभा चालवायची त्यांना कला होती. “बाईंना काळजी वाटते, चांगलं आहे. पण त्या चिखलात चुना आहे. आंबट मारायला चुना बसलाय की.”

“चुना संपतो, साहेब. काकींचं कोकम संपत नाही.”

“ही तुमची मतं झाली. कागद काय म्हणतो?” त्यांनी बॅगेतून अहवाल काढला, प्लास्टिकच्या कव्हरात, शिक्क्यासकट. मग माझा घामाने ओला झालेला कोरा कागद दोन बोटांत धरून शेजारी लावला. “हा प्रयोगशाळेचा. हा बाईंच्या घरचा. दोन्हींवर सही यांचीच. काकी, तुम्हीच सांगा आता, यातली खरी कुठली?”

खरं सांगते, त्या क्षणी मला त्या माणसाचा रागसुद्धा आला नाही, कारण प्रश्न रास्त होता. मला लाज वाटली. माझ्या सहीला किंमत आहे असं समजून मी दोन मैल उन्हातून ती घेऊन आले होते. त्याच सहीने गुरुवारी या बायकांना फसवलं होतं.

काकींनी दोन्ही कागद हातात घेतले. त्यांना वाचता येत होतं, सावकाश, ओठ हलवत. त्यांनी दोन्ही सह्या निरखून बघितल्या आणि कागद चंद्रात्रेंना परत दिले.

“बाई,” त्या म्हणाल्या, “तुमी आल्या आल्या आमच्या मनालीनं पानी दिलं.”

“हो.”

“गूळ खाल्लात. पानी तसंच हाय. मनाली तुमच्या मागनं आली, तिनंच सांगितलं. उन्हातनं चालून आलात, तोंड सुकलंय तुमचं. गुरवारी तर सोलकढी मागून घेतलीत पुन्हा.”

पाणी प्यायचं नाही असं मी ठरवून ठेवलं नव्हतं. मला वाटलं होतं, घाईत राहिलं. पण काकींनी म्हटलं तेव्हा मला कळलं की माझा हात तांब्यापर्यंत गेला होता आणि गूळ घेऊन परत आला होता.

“मनाली,” काकींनी हाक मारली, “तो तांब्या आन.”

तांब्या आला. काकींनी तो माझ्यापुढे धरला नाही. चंद्रात्रेंपुढे धरला. “घ्या साहेब. लांबनं आलात.”

“नको, नको. मी बाटलीचंच पितो,” चंद्रात्रे म्हणाले. “म्हणजे पहिल्यापासूनच. तसा नो इश्यू.”

कुणी हसलं नाही. काकींनी तांब्यातलं पाणी बांधाच्या कडेला ओतलं, ड्रायव्हरकडे वळल्या आणि म्हणाल्या, “घेऊन जा रे बाबा माघारी.” मग बायकांना म्हणाल्या, “आजपासनं हीर बंद. शाळंच्या बोअरवरनं आनायचं.”

शाळेची बोअर खाली अर्ध्या मैलावर आणि चढ येताना. एक जण काही बोलायला गेली आणि थांबली. तिच्या कडेवर वर्षाचं मूल होतं.

मंगळवारी मला प्रयोगशाळेतून नारळ मिळाला. केळशीकर सरांनी अत्यंत प्रेमाने दिला. कोपऱ्यात टाकलेला तो चिखल बायकांनीच चार दिवस घमेल्यांनी खरवडून प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात भरला. कंपनीचं म्हणणं असं की दान परत घ्यायची पद्धत नाही. मी तक्रार लिहिली. चौकशी आली, चौकशीने चहा घेतला, विहिरीत डोकावून बघितलं आणि गेली. कंपनीने मात्र मुकाट्याने तो खड्डा उपसून नेला आणि कोंडसावरमध्ये कधीच काही झालं नव्हतं असं जाहीर केलं. त्या वर्षी कोकमाचा अर्धा माल अवकाळीने भिजला. त्याबद्दल काकींनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. एक शब्द बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मे महिन्यात विहिरीचं पाणी मी तपासलं. मला एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची जागा मिळाली होती. तिथल्या मॅडमच्या पाया पडून मशीन मिळवलं. शिसं चालतं त्याच्या चौपट. काकींना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हंजे हीर बंद करायच्या आदी महिनाभर पोरं त्येच प्याली?” मी हो म्हणाले. मी खोटं बोलू शकले असते, आणि ती माझ्या व्यवसायाच्या परंपरेला धरूनच गोष्ट झाली असती.

पावसाळ्याआधी विहीर उपसली, तळाचा गाळ काढला. पाऊस पडून गेला. बायका सहा महिने डोक्यावरून पाणी वाहत होत्या, पाऊस असो, चिखल असो. नवरात्रात मी पुन्हा पाणी नेलं, तीन वेगवेगळ्या दिवसांचं. या वेळी नुसतं साधं पाणी म्हणून तपासलं नाही. आम्ल घालून तपासलं, दोनदा, आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या आणखी एका ठिकाणी पाठवून तपासलं. तिन्ही नमुने मर्यादेच्या बरेच आत. मी आकडे सुवाच्य अक्षरात उतरवले आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोंडसावरला गेले.

वाडीतल्या बायका विहिरीवर जमल्या होत्या. मी कागद पुढे केला. सरूकाकींनी तो घेतला नाही. त्यांनी कळशी सोडली, पाणी ओढलं, तांब्या भरला आणि माझ्यासमोर धरला.

मी तो तांब्या तोंडाला लावला आणि संपवला. पाणी गार होतं. सगळं प्यायले, शेवटचा घोट घेताना मला रडू आलं, आणि ते लपवायला मी तांब्या तोंडावरून काढला नाही.

“पोरांना घालू ना हेच?” काकींनी विचारलं.

“घाला.”

त्यांनी तांब्या माझ्या हातातून घेतला, पुन्हा भरला आणि स्वतः प्यायल्या. मग मागे वळून मनालीला म्हणाल्या, “हंडे आना गो.” बायकांची एकच धांदल उडाली. माझा कागद कुणीतरी माझ्या हातून घेतला आणि त्याची घडी घालून कमरेला खोचला.

परतीच्या एस.टी.त बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या कागदावर मी सही करायलाच विसरले होते. ती कुणी मागितलीही नव्हती.